नाव न सांगता एका झेरॉक्सच्या दुकानाबद्दल

आधी भाव सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांना पुढे वाचायला नको. काळी-पांढरी प्रत २ रुपये, पाठपोट ३. रंगीत ए-फोर १० रुपये. जाड कागदावर ए-थ्री पोस्टर ४० रुपये. स्पायरल ४० पासून पुढे, पानं बघून. दुपारी १ ते ३.३० बंद, आणि बंद म्हणजे बंद. शटर अर्धं वर असलं तरी आत काका जेवून आडवे झालेले असतात. रविवारी बंद. चवथीच्या आठवड्यात विचारूसुद्धा नका.

दुकान गोव्यात, फोंड्यात आहे. नाव, गल्ली, शेजारी काय आहे, यातलं काही सांगणार नाही. परीक्षण लिहायचं आणि दुकानाचं नाव गाळायचं म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्याचं नाव न घालण्यातला प्रकार, हे मलाही कळतं. पण ते काकांशी ठरलंय, आणि का ठरलंय ते ओघात येईल.

मी अळम्यांवर, म्हणजे अळंब्यांवर, पीएच.डी. करते. पावसाळ्यात वारुळावर उगवतात त्या, रोयणीच्या. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: जुलै-ऑगस्टात रस्त्याच्या कडेला बाया पानांवर वाटे लावून बसलेल्या दिसतात, गाड्या कचाकच ब्रेक मारून थांबतात आणि मासळीखाऊ गोंयकार माशालाही मोजत नाहीत तेवढे पैसे मोजतात, त्या अळम्या. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसीस. रॉजे हाइम नावाच्या फ्रेंच बुरशीशास्त्रज्ञाने १९४२ साली बुरशीच्या या प्रजातीला ते दिलं. माझ्या प्रबंधाचं शीर्षक अडीच ओळींचं आहे. ते इथे देत नाही. दिलं तरी तुम्ही वाचणार नाही, आणि ज्यांनी वाचायचं त्या माझ्या मार्गदर्शकांनीही तिसऱ्या शब्दाशी पेन ठेवलं होतं.

या दुकानाशी माझी गाठ पडली ती आधीच्या एका दुकानामुळे. ते दुसऱ्या गावातलं, त्याचंही नाव नको.

दोन वर्षांपूर्वी मी गावातल्या लोकांसाठी एक पोस्टर केलं होतं. सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर मंडपात सप्ताहाच्या दिवशी लावायचं, अळमी कशी उगवते आणि सगळ्या कळ्या का खुडू नयेत हे सांगायचं. चित्रं माझीच, फोनवर काढलेली. छपाईवाला म्हणाला, फोटो म्हणून पाठवू नका, फाटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याचं बरोबर होतं. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. पण दाबताना आणखी एक गोष्ट होते, ती मला तेव्हा ठाऊक नव्हती: फोटोच्या पोटात लिहिलेली माहिती गळून पडते. कुठला फोन, किती वाजता, आणि जीपीएस चालू असेल तर नेमकं कुठे उभं राहून काढला. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर हे सगळं जसंच्या तसं पलीकडे जातं. मी अकरा फोटो पाठवले. अकराही ठिकाणं गेली.

त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप कायम उघडं असायचं. डाउनलोड्सच्या फोल्डरात माझ्या वारुळांच्या शेजारी लोकांची आधार कार्डं, कोणाचा जमिनीचा एक-चौदाचा उतारा, कोणाच्या रक्ताच्या तपासणीचा कागद. समोर बसलेला कोणीही बघू शकला असता. मी स्वतः बघितलं, त्यावरून समजा.

ऑगस्टात मावशीकडे गेले. मावशी म्हणजे माझी सख्खी नव्हे. अळम्या विकणारी, मला तीन वर्षं रान दाखवणारी. तिच्या सासूने तिला दाखवलेलं एक वारूळ होतं. ते कुदळीने फोडलेलं होतं. आतले बुरशीचे कप्पे बाहेर पडून पावसात भिजत होते, जुन्या स्पंजासारखे.

माझ्या फोटोमुळेच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही. रानात माणसं फिरतात, कुत्रा मागे लावून घोरपड शोधणारेही फिरतात. पण फोटो त्या छपाईवाल्याकडून कोणत्या तरी ग्रुपवर गेले होते एवढं नक्की, कारण ते फिरत फिरत माझ्या आतेभावाच्या फोनवरून मला परत आले, खाली ‘आमच्या सत्तरीचें सोबीत सैम’ (सुंदर निसर्ग) असं लिहून. फाइल उघडून माहिती बघितली. नकाशावर टाचणी. टाचणी बरोबर वारुळावर.

मावशी काही बोलली नाही. पुढच्या खेपेला चहा दिला, पोळे दिले. रानात मात्र आली नाही; म्हणाली, गुडघा दुखतोय.

आता या फोंड्याच्या दुकानाबद्दल.

पहिल्यांदा गेले ते प्रबंधाच्या एका प्रकरणाच्या प्रती काढायला. वर्ड फाइल पेनड्राइव्हवर. काकांनी मशीन सुरू केलं, चार पानं बाहेर आली, ती त्यांनी उचलून बघितली, मशीन थांबवलं आणि पानं उलटी करून माझ्यासमोर ठेवली. “बाय, हें अशेंच जाय?” (हे असंच हवंय?) मार्गदर्शकांचे शेरे समासात लाल फुग्यांसकट छापून येत होते. पहिलाच शेरा होता: ‘हे वाक्य कोणासाठी लिहिलं आहे?’ दुसरा त्याहून वाईट. काका हसले नाहीत. शेरे लपवून कसं छापायचं ते त्यांनी दाखवलं, चार पानं फाडून टोपलीत टाकली, त्यांचे पैसे घेतले नाहीत. फाडली म्हणजे दोन तुकडे नव्हे, आठ. टोपलीतलं संध्याकाळी ते न्हाणीच्या चुलीत घालतात, हे नंतर कळलं.

मग मशीन पुन्हा सुरू झालं, आणि काकांनी विचारलं, “हें कितें तें सांग पयलीं. हांव छापतां तें म्हाका कळूंक जाय.” (मी छापतो ते मला कळायला हवं.)

तीन मिनिटांत प्रबंध सांगायची एक स्पर्धा असते. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात सुरू झाली आणि आता जगभर घेतात. एकच स्लाइड, तीन मिनिटं, प्रेक्षक विषयाबाहेरचे. त्या प्रेक्षकांना निदान खुर्च्यांवर बसवलेलं असतं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या हे त्यांना ठाऊक असतं. काकांचं तसं नाही. मागे रेशन कार्डाच्या प्रतीसाठी दोन जण उभे, मशीन मिनिटाला वीस पानं काढतंय, आणि काका तुमच्या तोंडाकडे बघतायत. चाळीस पानं निघेपर्यंत समजलं नाही तर ते सरळ “म्हाका कळूंक ना” म्हणतात आणि पुढच्याचं रेशन कार्ड घेतात.

पहिल्या दिवशी मी ‘सहजीवी परस्परावलंबन’ म्हणाले. रेशन कार्ड पुढे गेलं.

दुसऱ्या खेपेला सांगितलं: काका, वाळवी लाकूड खाते पण तिला ते नीट पचत नाही. म्हणून ती शेती करते. सुकी पानं, काटक्या खाऊन वारुळात आणते, अर्धवट पचलेल्या विष्ठेचे गोळे रचून कप्पे बांधते, आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. लाकडातला जो चिवट भाग वाळवीला झेपत नाही तो बुरशी मऊ करते. मग वाळवी बुरशीचे पांढरे दाणे खाते, जुना झालेला कप्पाही खाते. हे असं सुमारे ३ कोटी वर्षं चाललंय. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. पावसात या बुरशीला जमिनीवर यायचं असतं, म्हणून ती खालच्या कप्प्यापासून मुळासारखा लांब देठ वर सोडते आणि माती फोडून छत्री उघडते. ती आपली अळमी.

काका मशीनवर हात ठेवून उभे राहिले. आणि त्यांनी विचारलं तो प्रश्न मी तीन वर्षं वाचलेल्या निबंधांत मला या शब्दांत भेटला नव्हता: “मागीर हातूंत भाटकार कोण आनी मुंडकार कोण?”

गोव्याबाहेरच्यांसाठी पुन्हा थोडं सांगावं लागेल. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहिलेलं कूळ, जे बदल्यात त्याच्या भाटाची राखण करतं, नारळ पाडायला येतं. १९७५ च्या कायद्यापासून मुंडकाराला असं उठवून काढता येत नाही. फोंडा-सत्तरीत हा विषय निघाला की चहा थंड होतो. वर्षानुवर्षांच्या केसी आहेत, भावाभावांत बोलणं बंद आहे.

तर वारुळात भाटकार कोण? घर वाळवीचं. राबते वाळवी. पण ती राबते कोणासाठी? बुरशीसाठी. बुरशी वारुळाबाहेर रानात स्वतंत्र अशी जगताना सापडत नाही, आणि या जातीच्या वाळवीला बुरशीशिवाय पोट भरता येत नाही. वाळवीने बुरशी पाळली म्हणायचं की बुरशीने वाळवी ठेवली? हा विषयातला खराखुरा प्रश्न आहे. त्यावर माणसं आयुष्य घालवतात. काकांनी तो दोन रुपयांच्या प्रतीमागे विचारला.

मी माझ्या प्रकरणाची सुरुवात बदलली. मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, ‘हे प्रबंधात चालणार नाही.’ प्रबंधात नाही चाललं. पोस्टरवर चाललं. या वर्षी वाड्यावरच्या मंडपात मी पहिलंच वाक्य टाकलं, भाटकार कोण ते सांगा, आणि अर्धा तास मला बोलावंच लागलं नाही. शेवटी एक म्हातारे म्हणाले, दोघेही मुंडकार, भाटकार पाऊस. त्यांचं म्हणणं मी वहीत टिपून ठेवलंय, नाव न लिहिता.

हे झालं समजावण्याचं. आता दुसरी बाजू, जिच्यामुळे मी हे लिहायला घेतलं.

या वर्षीच्या पोस्टरसाठी मी शहाणी होऊन गेले होते. फोटोंतली ठिकाणं आधीच काढून टाकलेली. विंडोजवर फाइलवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, डीटेल्स, खाली अगदी बारीक अक्षरांत वैयक्तिक माहिती काढून टाकायची ओळ असते. तिथे सगळं पुसून घेतलं. एका फोटोत मावशीचा हात हवा होता, अळमी अलगद वळवून कशी काढतात ते दाखवायला. (अलगद काढली तर देठ वरच तुटतो, खाली कप्प्याला धक्का लागत नाही. खणली तर सगळंच जातं.) मावशीने हात द्यायला हो म्हटलं होतं, तोंड नाही. मी फोटो कापून फक्त हात ठेवला. आकार बदलावा लागला तर सोपं म्हणून पीडीएफ न करता वर्ड फाइलच नेली.

काकांनी पोस्टर उघडलं, हाताच्या चित्रावर टिचकी मारली, कोपरा ओढला आणि म्हणाले, “ही बायल कोण गो?”

पडद्यावर अख्खी मावशी. नथ, डोक्यावरची पाटी, मागे तिच्या घराची पडवी आणि दारावर पंचायतीने ठोकलेला घरनंबर.

वर्डमध्ये चित्र कापलं की ते कापलं जात नाही. झाकलं जातं. कापलेला भाग फाइलमध्ये तसाच बसून असतो आणि कोणीही ‘क्रॉप’ दाबून, कोपरा ओढून त्याला बाहेर काढू शकतो. तो खरोखर टाकायचा तर ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन कापलेले भाग पुसा असं वेगळं सांगावं लागतं. काकांना हे माहीत होतं, कारण वर्षं-वर्षं पासपोर्ट फोटो कापण्यात गेलीत. मला माहीत नव्हतं, आणि मी मात्र नीतिमत्ता समितीच्या अर्जात ‘सहभागींची ओळख गोपनीय ठेवली जाईल’ असं ठळक अक्षरांत लिहून आले होते. असाच दुसरा फसवा प्रकार म्हणजे पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढणं. पट्टी कागदावर दिसते; फाइलमध्ये पट्टीखाली हात घालून नाव उचलता येतं. छापून काढलात तर ठीक, फाइल पाठवलीत तर नाही.

काकांनी मावशी पुसली. मग पडदा माझ्याकडे वळवला आणि मला कोपरा ओढून बघायला लावलं. हात एवढाच राहिला होता.

त्यांची एक पद्धत आहे, आणि त्या पद्धतीसाठी मी हे दुकान सांगते. पडदा नेहमी गिऱ्हाइकाकडे वळवता येतो, तो फिरत्या पायावर बसवलाय. तुमची फाइल ‘आयचें’ (आजचं) नावाच्या एकाच फोल्डरात जाते. छपाई झाली की उंदीर तुमच्या हातात देतात (माउसला ते उंदीरच म्हणतात) आणि पुसायला तुम्हालाच सांगतात. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी करायला लावतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असेल तर ते चॅट तुमच्यासमोर उडवतात. महिन्याने जाऊन “काका, मागची फाइल असेल ना?” म्हटलंत तर तोंडावर सांगतील, ना. एक बाई यावरून माझ्यासमोर भांडली होती. मुलाच्या दाखल्याची फाइल ठेवली का नाही म्हणून. काकांनी ऐकून घेतलं आणि दाखला पुन्हा फुकट टाइप करून दिला. ठेवला मात्र नाही.

आधारची प्रत काढायला आलेल्यांना ते विचारतात, कोणाला द्यायची? एकदा एका आजोबांना जिमच्या फॉर्मला लावायची होती, नातवाच्या. काकांनी त्यांना नंबर झाकलेलं आधार काढून दिलं, ज्यात पहिले आठ आकडे दिसत नाहीत, शेवटचे चारच दिसतात. आधारच्याच अधिकृत साइटवरून ते उतरवता येतं, आणि ओटीपी आजोबांच्याच फोनवर येतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा काकांनी वाचलेला नाही. मी विचारलं होतं. म्हणाले, आमच्या बापायचें किराणा दुकान होतें, कोण उधारी व्हरता तें तो आवयकूय सांगनाशिल्लो. (उधारी कोण नेतं ते तो आईलासुद्धा सांगत नसे.)

तक्रारी आहेत. एक म्हणजे मोठं मशीन. अशा मोठ्या डिजिटल कॉपियरच्या पोटात हार्ड डिस्क असते, आणि कॉम्प्युटरवरून फाइल पुसली तरी तिची छाया तिथे राहू शकते. मी यादी उघडून दाखवली तेव्हा मागच्या शुक्रवारपासूनच्या फाइलींची नावं तिथे ओळीने उभी होती: ‘घटस्फोट अर्ज शेवटचा’, ‘घटस्फोट अर्ज खरंच शेवटचा’. काका पांढरे पडले. मेकॅनिकला फोन केला, तो दहा दिवसांनी आला (इथे दहा दिवस म्हणजे लवकर), आणि प्रत्येक कामानंतर डिस्कवरचं पुसून त्यावर दुसरं लिहायची सोय त्या मशीनच्या मेनूत आधीपासूनच होती असं निघालं. आता ती चालू आहे. कॉम्प्युटरवर मात्र टोपली रिकामी केली म्हणजे सगळं नाहीसं झालं असं नव्हे, जाणकार माणूस परत काढू शकतो; हेही मी सांगितलं. काका म्हणाले, जाणकार मनीस हांगा कित्याक येतलो? (इथे कशाला येईल?)

दुसरी तक्रार अक्षरांची. जुन्या फॉन्टात ते मराठी जुळवतात तेव्हा ‘वाऱ्या’चा ‘वार्या’ होतो आणि ‘पुऱ्या’चा ‘पुर्या’. मी युनिकोडमध्ये दिलेला मजकूर त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ओतताना ‘बुरशी’ची दोनदा ‘बुर्शी’ झाली. मुद्रितं स्वतः वाचा. तिसरी, स्पायरल. प्लास्टिकचं कव्हर पातळ आहे, पावसात दोन दिवसांत वाकतं. काळ्या कापडी बांधणीला ते हात घालत नाहीत, त्यासाठी पणजीला जावं लागतं.

बाकी दर्जा चांगला. हिरवा रंग किंचित जास्त उठतो, पण आमच्या पोस्टरला रान हवंच होतं.

ठिकाण किती सांगायचं यावर काकांशी माझा एक दिवस वाद झाला. पोस्टरवर नकाशा हवा असं त्यांचं म्हणणं. नकाशा नसेल तर लोकांना आपलं वाटत नाही. मी म्हटलं नकाशा म्हणजे कुदळ. मग मी त्यांना दशांशाचा हिशेब कागदावर करून दाखवला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हानंतर एक घर दिलंत तर ११ किलोमीटरचा अंदाज, दोन घरं म्हणजे १.१ किलोमीटर, तीन म्हणजे ११० मीटर, चार म्हणजे ११ मीटर, पाच म्हणजे माझ्या उंचीपेक्षा कमी. फोन सहासहा घरं लिहितो. खरं तर फोनचा जीपीएस उघड्यावरही चार-पाच मीटर इकडेतिकडे असतो, झाडीत आणखी घसरतो, पण वारूळ चार-पाच मीटरवरून दिसतंच. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदी ठेवायच्या साइटवर धोक्यातल्या जातींची ठिकाणं आपोआप अशीच अंधुक करतात, ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी टाचणी टाकून. आपल्याकडे तेवढा चौकोन म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास आमच्या सत्तरी तालुक्याएवढा.

काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, म्हणजे मंडपातल्या लोकांना एक घर पुरे. दोन कोणाला जाय? मी म्हटलं, वनखात्याला, कदाचित. आणि पाच? पाच फक्त मला आणि मावशीला. आणि तिला तेही नकोत, ती पायांनी जाते.

मला तेव्हा कळलं की शास्त्र समजावताना मी काय गाळत होते आणि ठिकाण लपवताना काय गाळत होते, ती एकच यादी होती. जातीचं पूर्ण नाव, जनुकक्रमाचा नंबर, वारुळाची उंची सेंटिमीटरमध्ये, अक्षांश-रेखांश: मंडपातल्या कोणाला यातलं काही लागत नव्हतं. त्यांना लागत होतं ते वेगळं. नव्या वारुळातली वाळवी बुरशी बहुतेक वेळा घरून आणत नाही. उघडलेल्या छत्रीखालून बीजाणू पडतात, कामकरी वाळव्या ते पानांबरोबर वेचून आत नेतात, आणि तिथून नवं शेत सुरू होतं. पण बाजारात भाव असतो तो न उघडलेल्या कळीला. सगळ्या कळ्या खुडल्या तर छत्री उघडणार कोणाची? म्हणून वारुळामागे थोड्या तशाच सोडा. एवढंच. हे सांगायला एकही दशांश लागत नाही.

पोस्टरवर नकाशा आला शेवटी. काकांनी काढला, हाताने: म्हादय नदी, दोन डोंगर, एक देऊळ, आणि रानभर वारुळं, सगळीकडे सारखी. कुठलंही खरं नाही.

नाव लपवण्याबद्दल मात्र मी काकांना पटवू शकले नाही. माझं म्हणणं, मी काही लिहिलं तर टोपणनावाने लिहीन. नुसतं नाव गाळून भागत नाही हे मला ठाऊक होतं: अमेरिकेत लतान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली हिशेब मांडून दाखवलं होतं की पिन कोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीन गोष्टींवरून तिथल्या ८७ टक्के लोकांना एकेकटं ओळखता येईल. काका म्हणाले, अमेरिका मोठी आहे म्हणून तीन गोष्टी लागल्या. फोंड्यात ‘ती अळम्यांची’ म्हटलं की तुझ्या घरात चहा कोण करतो तेही सांगतील. याला उत्तर नाही. ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, त्यात आमचा विषय करणारे किती? म्हणून मी वर माझ्याबद्दलचे एक-दोन तपशील बदललेत. कुठले ते नाही सांगणार. वाळवीबद्दलचा एकही बदललेला नाही.

हा मजकूर काकांना वाचून दाखवला. घटस्फोटाच्या अर्जाचं वाक्य काढ म्हणाले. मी म्हटलं, असे अर्ज काय एकाचेच असतात? त्यांनी विचार केला आणि राहू दे म्हणाले. दुकानाचं नाव नको, का तर मग बाहेरचे येतील आणि पुसायला सांगितलं की भांडतील. शिवाय आहेत त्यांचंच आटोपत नाही. मावशीलाही विचारलं. ती या वर्षी गुडघा विसरून माझ्याबरोबर रानात आली होती, नवं वारूळ दाखवलं, आणि तिथे पोचल्यावर पहिल्यांदा हात पुढे केला. फोन मागत होती. फोन तिने कमरेला खोचला आणि परत येईपर्यंत दिला नाही. त्यामुळे त्या वारुळाचा फोटो नाही. माझ्याकडे वहीत पेन्सिलीचं चित्र आहे, ते तिने बघून घेतलं.

दुकानाचा पत्ता हवाच असेल तर १५.४ उत्तर, ७४.० पूर्व. जाताना सुटे पैसे न्या, पीडीएफ आणि वर्ड दोन्ही न्या, आणि १ च्या आत पोचा.